ठरावासाठी एक सोयीचं कारण

“हे तोर्तेल्लीनी आहेत की लोड-तक्के?” आर्जिया पुटपुटली, अगदी लेकीच्या कानाशी, पण बाहेरच्या खोलीतही ऐकू जाईल अशा बेतानं.

नेरीनानं हातातली घडी उलगडली, चिमूटभर सारण काढलं आणि पिठाचा तो इवलासा चौकोन पुन्हा करंगळीभोवती गुंडाळून टोकं दाबली. पंचावन्न वर्षांची बाई. हाताखाली साठ माणसं. डायलिसिसच्या नळीत केसाएवढी चूक राहिली तरी तिच्या बोटांना कळायची. पण आईच्या ओट्यापाशी ती अजून नापासच होती.

“आई, सहाच माणसं जेवायला आहेत. आणि सहाही जणांची तोंडं मोठी आहेत.”

“म्हणूनच म्हणते. लहान लहान केले असते तर निदान मोजत बसले असते. तेवढंच भांडण लांबलं असतं.”

“भांडण नाहीये आज. ठराव आहे.”

“तुझ्या बाबांच्या वेळी त्याला भांडणच म्हणायचे,” आर्जिया म्हणाली आणि कोंबड्याच्या रश्श्यावरचा फेस काढायला वळली.

बाबांनी, म्हणजे वॉल्तेर ग्वांदालिनींनी, मरताना डायलिसिसच्या नळ्यांच्या कारखान्याचे चार वाटे केले. एक बायकोला, तीन मुलांना. आणि वर एक अट घातली: मोठा निर्णय असेल तर तो ऑफिसात घ्यायचा नाही, या टेबलावर, रविवारच्या जेवणाबरोबर घ्यायचा. भरल्या पोटी माणूस कमी खोटं बोलतो, अशी त्यांची समजूत होती. मिरांदोलात, आमच्या या इटालियन गावात, अशा समजुतीवर कुणी हसत नाही. हसलं तर पुढच्या रविवारी त्याला बोलावत नाहीत.

आजचा निर्णय होता इराणला माल पाठवणं थांबवण्याचा.

थांबवायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. अडलं होतं ते फक्त कारणावर.

तसं कारण मे महिन्यापासून गल्लीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अमेरिका, युरोपातले तीन देश, रशिया आणि चीन यांनी एकत्र बसून इराणशी करार केला होता: इराणनं आपला अणुकार्यक्रम आटोक्यात ठेवायचा, बाकीच्यांनी निर्बंध उठवायचे. मग मे महिन्यात अमेरिका त्या टेबलावरून उठली आणि जाताना बजावून गेली की पाच नोव्हेंबरपासून जो इराणशी व्यवहार ठेवील त्याला आमचं दार बंद. युरोपला राग आला. युरोपला राग आला की कायदा येतो. ऑगस्टमध्ये तो आला: अमेरिकेच्या धाकानं जो युरोपीय कारखाना इराणचा व्यवहार सोडील त्याला आम्ही दंड करू.

थोडक्यात, माल पाठवला तर एक मित्र मारणार, आणि त्याच्या भीतीनं नाही पाठवला तर दुसरा. सुटायची वाट एकच होती. भीती सोडून दुसऱ्या कुठल्याही कारणानं थांबायचं. तोटा म्हणा, मागणी नाही म्हणा, कंटाळा आला म्हणा. फक्त खरं कारण सांगायचं नाही.

नेरीनाचा नवरा बेहरूझ, मूळचा इराणातल्या शिराझचा, कारखान्याचा इराण विभाग सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे काय, तोच तो विभाग होता.

*

बैठकीच्या खोलीत तित्झियानोनं चष्मा चढवून ठरावाच्या मसुद्याचा कागद पाचव्यांदा वाचला. थोरला मुलगा, एकोणसाठ वर्षांचा, कारखान्याचा प्रमुख. हल्ली त्याला कुठलाही कागद पुन्हा पुन्हा वाचावा लागायचा, आणि त्याचा दोष तो चष्म्याला देत असे.

“त्याला आधी सांगायला हवं होतं,” तो म्हणाला.

“काय सांगणार होतास?” धाकट्या कोर्रादोनं विचारलं. “बेहरूझ, आम्ही तुला नालायक ठरवतोय, मनावर घेऊ नकोस?”

“नालायक असा शब्द नाहीये यात.”

“नाहीच आहे. ‘विभागप्रमुखाच्या पातळीवरील सातत्यपूर्ण त्रुटी’ असं आहे. वकिलानं काय सुरेख लिहिलंय. माझ्यावर असं कुणी लिहिलं तर मी फ्रेम करून लावीन.”

कोर्रादो अमेरिकेचा व्यवहार पाहायचा. वर्षातून दोनदा ओहायोला जायचा आणि येताना तिकडच्या टोप्या आणायचा, ज्या घरात कुणीच घालत नसे. कारखान्याचा निम्मा माल ओहायोतला एकच व्यापारी उचलायचा. त्यानं सप्टेंबरात पत्र पाठवलं होतं. पत्रात धमकी कुठंच नव्हती. ‘आपल्या इतर संबंधांविषयी आम्हाला निश्चिंत राहता आलं तर आवडेल,’ इतकंच.

“औषधपाण्याच्या वस्तूंना सूट आहे ना पण?” तित्झियानो म्हणाला. हेही तो पाचव्यांदाच म्हणत होता.

“आहे की. अमेरिकेनं स्वच्छ सांगितलंय, नळ्या खुशाल पाठवा. आता पैसे घ्यायला बँक तयार नाही, विमा काढायला कंपनी तयार नाही, खोकी चढवायला जहाज तयार नाही, तो त्यांचा प्रश्न. नळ्यांना सूट आहे.”

“आणि आपण स्वतःहून थांबलो तर ओहायो निश्चिंत.”

“झोपेल बाळासारखं.” कोर्रादोनं आवाज खाली आणला. “हे बघ. त्याचं काही जात नाहीये. पगार तोच, खुर्ची तीच. एक सही फक्त.”

“मग तू कर. अमेरिका विभागात त्रुटी आहेत म्हणून.”

“वेडा आहेस का? ओहायोनं वाचलं तर?”

“तेच म्हणतोय मी.”

मग तित्झियानोनं कागद चार घड्या करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. तिथं तो टोचत राहिला. मेहुणा असूनही बेहरूझ त्याला भावापेक्षा जवळचा होता, आणि नेमक्या त्याच कारणानं हे जमेल असं त्याला वाटत होतं. परक्या माणसाला असली सही कुणी मागितली असती?

*

ओरेस्ते आला तो एका हातात मिठाईचा ट्रे आणि दुसऱ्या हातात ठरावांची जाडजूड वही घेऊन. गावचा नोटरी. आमच्याकडे घर घेताना, विकताना आणि मरताना त्याच्यासमोर बसावंच लागतं, त्यामुळे गावातल्या कुणालाही त्याच्याशी मोकळेपणानं बोलता येत नाही. आर्जिया त्याची धर्ममाता, पण तो तिला मावशी म्हणायचा.

“पहिली थाळी होईपर्यंत वही बंद,” त्यानं सांगितलं. “उघडल्यावर जे बोलाल ते मी लिहिणार. त्यामुळे तेव्हा त्या देशाचं नाव कुणी काढायचं नाही.”

“कुठल्या, इराणच्या?” आर्जियानं विचारलं.

“नाही मावशी. दुसऱ्या.”

“मग त्याला म्हणायचं काय?”

ओरेस्तेनं विचार केला. “हवामान म्हणा. व्यापारी हवामान.”

“मी चौऱ्याऐंशीची आहे. हवामानामुळे माझे गुडघे दुखतात, कारखाने बंद पडलेले पाहिले नाहीत.”

रस्सा वाढला गेला. बेहरूझ स्वतः वाइन घेत नसे, पण आर्जियाच्या थाळीतल्या गरम रश्श्यात लांब्रुस्कोची धार तोच ओतायचा; वॉल्तेर गेल्यापासून. किती ओतायची हे तिला विचारावं लागत नसे. रश्श्याचा रंग जांभळट झाला की तो थांबायचा.

“मला एक कळत नाही,” आर्जिया म्हणाली. “तो करार केला तेव्हा हे सगळे एकाच बाजूला होते ना? मग आता एकमेकांत कशाला भांडतायत?”

“हो आई. ते सहा जण एका बाजूला होते,” बेहरूझ म्हणाला. “आणि आम्ही एकटे दुसऱ्या.”

“आम्ही?” कोर्रादोनं सहज विचारलं. फार सहज.

“इराण,” बेहरूझ म्हणाला. “इराण एकटा.”

नेरीनाचा चमचा थाळीवर जरा जोरात टेकला.

“आता बर्लिन, पॅरिस, लंडन म्हणतात, करार पवित्र आहे, आम्ही मोडणार नाही,” कोर्रादो घाईनं सांगू लागला.

“आणि रोम?”

“रोमही म्हणतं पवित्र आहे. फक्त थोड्या तेलापुरती आपल्याला वेगळी सूट मिळते का, ते म्हणे हळूच वॉशिंग्टनला विचारून ठेवलंय.”

“अगदी तुझ्यासारखं,” आर्जिया म्हणाली. “लहानपणी तूसुद्धा बहिणीच्या बाजूनं भांडायचास आणि नंतर बाबांकडून चॉकलेट घेऊन यायचास.”

“ब्रुसेल्सवाले एक खास खिडकी उघडणार आहेत,” ओरेस्ते म्हणाला. “बँका नकोत, काही नको. इराणचे पैसे त्या खिडकीतून येतील-जातील.”

“मग प्रश्नच मिटला!” नेरीना म्हणाली. “कुठं उघडणार?”

“तिथंच घोडं अडलंय. खिडकी सगळ्यांना हवी आहे. आपल्या भिंतीला मात्र कुणालाच नको.”

“तुमच्या जेलिंदाआत्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा असंच झालं होतं,” आर्जिया म्हणाली. “सगळ्यांचं त्यांच्यावर फार प्रेम. खोली मात्र कुणाकडेच नाही.”

सगळे हसले. बेहरूझही हसला. जेलिंदाआत्या शेवटची तीन वर्षं त्याच्याच घरी होत्या.

*

ओरेस्तेनं हात पुसले, वही उघडली, तारीख घातली: अठ्ठावीस ऑक्टोबर दोन हजार अठरा. खाली हजर असणाऱ्यांची नावं.

“विषय: इराण विभागाचं काम थांबवणं. कारण?”

“मागणी घटली,” कोर्रादो म्हणाला.

ओरेस्तेनं पेन वर धरला. “गेल्या वर्षीपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं वाढलीये. कागद तुमच्याच कपाटात आहेत. उद्या रोमहून कुणी तपासायला आलं तर?”

“वाहतूक महाग झाली.”

“आत्तापर्यंत तेच जहाज आणि तोच दर.”

“मग मालाबद्दल तक्रारी आल्या असं लिही. दर्जा...”

“कोर्रादो,” नेरीना शांतपणे म्हणाली, “तो माल मी बनवते.”

कोर्रादोनं पाण्याचा ग्लास उचलला. बाहेर चर्चची दुपारची घंटा झाली, आणि ती संपेपर्यंत बोलायचं नाही हा बहाणा सगळ्यांनी आनंदानं घेतला.

“एक मसुदा आहे,” तित्झियानो म्हणाला. खिशातून तो चार घड्यांचा कागद निघाला, आणि का कोण जाणे, त्यानं तो ओरेस्तेकडे न देता टेबलाच्या मधोमध ठेवला. वाढायच्या भांड्यासारखा, ज्याला हवं त्यानं घ्यावं.

घेतला बेहरूझनं.

त्याचं इटालियन घरातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, कारण तो एकटाच ते पुस्तकातून शिकला होता. ‘सातत्यपूर्ण त्रुटी’ हे शब्द त्याला एकदाच वाचावे लागले. आपल्याला राग येईल असं त्याला वाटलं होतं, पण आली ती शरम, आणि तीही तित्झियानोसाठी. समोर बसलेला हा माणूस नेरीनाशी झालेल्या लग्नाच्या दिवशी टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर त्याच्या शेजारी उभा होता. शिराझहून कुणीच येऊ शकलं नव्हतं म्हणून. मी याचा भाऊ, असं त्यानं लग्न लावणाऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. त्या माणसाच्या कपाळावर आता घामाचे थेंब होते. समोरच्याला एवढं अवघडलेलं पाहणं बेहरूझच्या घराण्यात असभ्य मानलं जाई. अशा वेळी जे बोलायचं असतं ते त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

“अरे, माझं नाव ते काय!” तो हात पसरून म्हणाला. “तुमच्यावरून जीव ओवाळून टाकीन, तिथं नावाचं काय घेऊन बसलात? जे लिहायचं ते लिहा.”

आणि तो थांबला. आता समोरच्यानं ‘छे छे, भलतंच काय’ म्हणायचं असतं. त्यावर आपण पुन्हा आग्रह करायचा असतो. त्यानं पुन्हा नाही म्हणायचं असतं. मग दोघांनी मिळून एखादी खरी वाट शोधायची असते.

“धन्यवाद,” तित्झियानो म्हणाला. “मला माहीत होतं तू समजून घेशील.”

कोर्रादोनं चटकन वही बेहरूझकडे सरकवली.

नेरीना उठली. खुर्ची मागे पडली, तिनं उचलली नाही.

“तुला माहीत होतं?” ती भावाला म्हणाली. “काय माहीत होतं तुला? हा माणूस मीठ मागितलं तरी जीव ओवाळून टाकतो! टॅक्सीवाल्यावर टाकतो! पहिल्यांदा या घरी जेवायला आला तेव्हा दुसऱ्या वाढपाला नको म्हणाला, बाबांनी थाळी उचलली आणि हा अर्धपोटी घरी गेला. आठवतंय? त्यानंतर आईनं नियम केला, बेहरूझला तीनदा विचारायचं. तीस वर्षं झाली. साध्या बटाट्याला आपण याला तीनदा विचारतो, तित्झियानो. बटाट्याला!”

“नेरीना, तो स्वतः म्हणाला—”

“तुला कळतं तो काय म्हणाला. कोर्रादोला कळलं नसतं तर मी समजले असते, त्याला इंग्रजीशिवाय काही कळत नाही. तुला कळतं.”

“माझ्यावर कशाला घसरतेस?” कोर्रादो म्हणाला. “मी काय केलं?”

“तू काहीच केलं नाहीस. तू कधीच काही करत नाहीस, तुझ्याकडे पत्रं येतात!”

“आवाज खाली,” आर्जिया म्हणाली. “वही उघडी आहे.”

“मी हे लिहीत नाहीये,” ओरेस्ते घाईघाईनं म्हणाला.

“साठ घरं आहेत, नेरीना,” तित्झियानोचा आवाज चढला. “ओहायो गेलं तर निम्मी यंत्रं बंद. तुझ्या हाताखालच्या कुठल्या तीस बायकांना तू घरी पाठवणार? नावं सांग. सांग ना!”

ती नावं नेरीनानं रात्रीच मनात मोजून पाहिली होती आणि सातव्या नावापाशी थांबली होती.

*

बेहरूझनं खाली पडलेली खुर्ची उचलली, नेरीनाला तिच्यावर बसवलं आणि वही स्वतःकडे ओढली.

“बस गं,” तो म्हणाला. “तीस वर्षांत पहिल्यांदा या घरानं माझ्या तोंडचं वाक्य एका फटक्यात खरं मानलंय. आता मी ते मोडू कसा? ओरेस्ते, पेन दे.”

“बेहरूझ, नक्की ना?”

“नक्की. फक्त मला जरा मदत करा.” त्याचा आवाज इतका सौम्य होता की आर्जियानं मान वर केली. जावई असा बोलायला लागला की घरातल्या बाकीच्यांनी सांभाळून राहावं, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. “शिराझच्या हॉस्पिटलात डॉक्टर माहीन आहेत. त्या रोज विचारतात. माल थांबणार असेल तर खरं काय ते आत्ताच सांगा, म्हणतात, मी दुसरीकडे हातपाय मारीन. त्यांना आज लिहायला हवं. तेव्हा माझी चूक नेमकी कोणती ते ठरवू. ‘सातत्यपूर्ण’ आहे म्हणजे बऱ्याच असतील. एखादी पुरे.”

“एक उदाहरण लागेलच तसं,” ओरेस्ते कसनुसा होत म्हणाला. “कायद्याच्या दृष्टीनं. तारखेसकट.”

“बघा. तारीखही हवी. कोर्रादो?”

“मला काय विचारतोस?”

“मसुदा तुझ्या वकिलाचा आहे. त्याला काही सुचलं असेल.”

कोर्रादोनं छताकडे पाहिलं. “ते... दोन हजार बाराचं ते. चार महिने तुझा एकही कंटेनर गेला नव्हता.”

“दोन हजार बारामध्ये भूकंप झाला होता,” नेरीना म्हणाली. “कारखान्याचं छप्पर जमिनीवर होतं.”

“हो, पण कागदावर नुसती तारीखच दिसते ना.”

“ओहायो तेव्हा कुठं होतं, तेही दिसतं कागदावर,” आर्जिया म्हणाली. “फुलं पाठवली होती त्यांनी. फार छान पुष्पगुच्छ. आणि तीन आठवड्यांत माल दुसऱ्याकडून घ्यायला लागले. शिराझवाल्यांनी शिल्लक साठा पुरवून पुरवून वापरला आणि थांबले आपल्यासाठी. तेवढं चुकलं खरं बेहरूझचं. त्यानंच त्यांना थांबायला सांगितलं होतं.”

“हे लिहू?” ओरेस्तेनं विचारलं.

“मावशीनं टोमणा मारला, ओरेस्ते,” कोर्रादो म्हणाला.

“मला वाटलंच.”

“दुसरी शोधू,” बेहरूझ म्हणाला. “घाई नाही. आई, तुम्हाला काही आठवतं?”

आर्जियानं खरोखरच विचार केला. तिला जावयाचे दोष पाठ होते: मोजे वाळत घालताना जोडीनं घालत नाही, गाडी फार हळू चालवतो, मेलेल्या माणसांविषयी कधी वाईट बोलत नाही त्यामुळे गप्पांत रंगत येत नाही. पण कारखान्यातलं काही आठवेना.

“एकदा भात तळाला लागला होता,” ती म्हणाली.

“त्यांच्याकडे तो लावायचाच असतो, आई,” नेरीना म्हणाली.

“ते नंतर कळलं. आता तर त्या खरपुडीवरून भांडता तुम्ही.”

कोर्रादोला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. पाच माणसं, शहाणीसुरती, एका माणसाचा एक दोष शोधत बसली होती. आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून निघावा, अशी जो तो वाट पाहत होता.

“तित्झियानो,” बेहरूझ वळला. “राहिलास तू. सत्तावीस वर्षं माझं काम तुझ्या खोलीशेजारच्या खोलीत चाललंय. मधे नुसतं लाकडी दार. तुला माहीत असणारच. सांग, मी लिहितो. तू सांगशील ते मी लिहितो आणि डॉक्टर माहीनना तेच कळवतो: माझ्या या चुकीमुळे तुमच्या पेशंटांना नळ्या मिळणार नाहीत.”

यात टोमणा नव्हता. तित्झियानोनं तो शोधला. सापडला असता तर त्याला हायसं वाटलं असतं, रागावता आलं असतं. पण बेहरूझ खरंच पेन टेकवून बसला होता. सांगितलं तर तो लिहिणार होता. खाली सही करणार होता, सुबक, आपल्या त्या पुस्तकी अक्षरात. आणि उद्या सकाळी आठ वाजता त्या लाकडी दाराच्या पलीकडे येऊन नेहमीसारखं म्हणणार होता, झोप झाली का?

तित्झियानोनं तोंड उघडलं. एखादी चुकीची तारीख, एखादं हरवलेलं पत्र, काहीही चाललं असतं. एवढ्या वर्षांत काहीतरी असणारच. कुणाचं नसतं? स्वतःच्याच डझनभर चुका त्याला आठवल्या. त्यातल्या दोन बेहरूझनं गुपचूप निस्तरल्या होत्या.

“तित्झियानो,” आर्जिया म्हणाली, “सांगायचं असेल तर सांग. नाहीतर मी दुसरा पदार्थ आणते. गार होतोय.”

“लिही, ओरेस्ते,” तो म्हणाला.

ओरेस्तेनं बेहरूझच्या हातातून पेन अलगद काढून घेतला. “हं. कुठली चूक?”

“चूक नाही. मागणी कमी झाली नाही. जहाज महाग झालं नाही. माल उत्तम आहे.”

“तित्झियानो, शांत हो,” कोर्रादो अर्धवट उठला. “वही उघडी आहे.”

“असू दे उघडी.”

“हे लिहिलं तर दंड आहे,” ओरेस्ते म्हणाला. “युरोपचा. मी तुला नोटरी म्हणून सांगतोय.”

“मग तो मी भरीन, माझ्या नावावर. बस खाली, कोर्रादो.” तित्झियानोनं चष्मा काढला आणि मेहुण्याकडे तसंच पाहिलं, अंधुक दिसत असताना. “लिही. आम्ही अमेरिकेला घाबरलो. आणि घाबरलो हे सांगायचीही भीती वाटली, म्हणून या घरात जो माणूस आम्हाला कधीच नाही म्हणत नाही, त्याला पुढे केलं.”